घाणेरी तोडली तरी दर पावसाळ्यात परत फुटते : गावराईतली नेहमीची अडचण

उन्हाळ्यात श्रमदान ठरतं. वीस-पंचवीस माणसं कोयते घेऊन येतात, दिवसभरात घाणेरी सपाट होते, राई मोकळी दिसायला लागते. मृगाचे दोन पाऊस पडतात आणि गणपती येईपर्यंत तीच घाणेरी कमरेला लागते. आधी एका बुंध्याला दोन-तीन फांद्या होत्या, आता आठ-दहा फोक असतात. पुढच्या वर्षी पुन्हा श्रमदान. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यातल्या देवराया, गायरानात राखलेली रानं, चार जणांनी मिळून वन्यजीवांसाठी सोडलेले दोन-चार एकरांचे तुकडे, बहुतेक ठिकाणी तक्रार हीच.

घाणेरी, म्हणजे काही गावांत जिला टणटणी म्हणतात ती, कोयत्यानं मरत नाही. कोयत्यानं तिची छाटणी होते. कुंपणाची मेंदी छाटल्यावर दाट होते, तसंच हे. चूक तीन जागी होते: घाव चुकीच्या जागी बसतो, काम चुकीच्या महिन्यात होतं आणि मोकळी झालेली जमीन तशीच उघडी राहते. तिन्ही सुधारल्याशिवाय श्रमदानाची संख्या वाढवून उपयोग नाही.

आधी फुटवा कुठून आलाय ते बघा

खुरपं घेऊन मागच्या वर्षी तोडलेल्या जागी बसा आणि दहा-बारा ठिकाणी माती उकरा. चार गोष्टी दिसू शकतात.

जुन्या बुंध्याभोवती गुच्छासारखे फोक आले असतील तर बुंध्याची माती बोटानं बाजूला करा. जमिनीच्या जरा खाली बुंधा एकदम जाड आणि गाठाळ होतो, आल्याच्या कुडीसारखा. त्या गाठीवर बारीक, फिकट डोळे असतात आणि सगळे फोक तिथून निघालेले असतात. गाठ संपली की खाली गुळगुळीत सोटमूळ सुरू होतं आणि त्यावर डोळे नसतात. सगळं काम या दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठरतं. कोयता, विळा, पेट्रोलवरचं गवत कापायचं यंत्र, सगळी हत्यारं गाठीच्या वरच कापतात, म्हणून सगळ्यांचा निकाल सारखाच लागतो.

फोक बुंध्यापासून हातभर-दोन हात लांब आणि एका रेषेत आले असतील तर ओढून बघा. खाली जमिनीला टेकलेली आडवी फांदी सापडेल आणि जिथे जिथे पेर मातीला लागलं तिथे मुळ्या. अशी प्रत्येक जागा आता स्वतंत्र झाड आहे.

सुटी, एकेकटी, सरळ काडीची रोपं दिसली, उपटल्यावर खाली एकच बारीक मूळ आलं, तर ती बियांची. आपटा, बाभूळ, मोकळ्या फांद्यांचं कुठलंही झाड किंवा विजेची तार, यांच्या बरोबर खाली ती जास्त असतात. बुलबुल आणि साळुंक्या पिकलेली काळी फळं खातात आणि तिथे बसून बिया टाकतात.

चौथा प्रकार बघून हसू येतं, पण तो सर्रास दिसतो. उपटून बाजूला टाकलेलीच झुडपं तिथे रुजलेली असतात. ओल्या मातीवर आडवी पडली, मुळांना माती चिकटलेली, वरून श्रावणाचा पाऊस. आणखी काय हवं?

बहुतेक रायांत चारही प्रकार मिसळलेले असतात. कुठला जास्त आहे ते वहीत लिहून ठेवा. पहिला जास्त असेल तर दोष हत्याराचा, तिसरा जास्त असेल तर वेळेचा.

खोदून कसं काढायचं

गाठीच्या खाली मूळ तोडायची ही पद्धत दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट बसवली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली. तिला यंत्र लागत नाही. तिघांच्या टोळीला एक कोयता, एक अरुंद पात्याची कुदळ, एक दुबेळक्याची लांब काठी, चामड्याचे हातमोजे आणि दगडांसाठी एक पहार एवढं पुरतं.

कोयतेवाल्यानं आधी वरचा पसारा दुबेळक्यानं उचलून गुडघ्याच्या उंचीवर कापायचा. जमिनीलगत कापू नका. तो गुडघाभर खुंट म्हणजे पुढच्या माणसाची मूठ. मग बुंध्याभोवती वीतभर घेराची माती कुदळीनं मोकळी करायची, गाठ नजरेला पडेपर्यंत. साधारण ३ ते ५ सेंटीमीटर खाली ती संपते, पण उताराच्या पायथ्याला माती वाहून येऊन साचलेली असते आणि तिथे ती आणखी खोल जाते. म्हणून मापावर विसंबू नका, गाठ डोळ्यांनी बघा. कुदळीचं पातं तिरकं धरून गाठीच्या खाली सोटमुळावर एक-दोन घाव घाला, खुंट धरून पीळ द्या आणि ओढा. आडवी पसरलेली बारीक मुळं तटातट तुटतील. ती खणत बसू नका, त्यांच्यातून झाड येत नाही. उगाच जमीन उकरली की घाणेरीचंच बी वर येतं.

आता तपासणी, आणि ही कुणीही टाळू नये. काढलेलं झुडूप उलटं धरा. गाठीच्या पुढे बोटभर तरी गुळगुळीत मूळ दिसलं पाहिजे. तुटलेला भाग गाठाळच दिसत असेल तर गाठीचा तुकडा जमिनीत राहिला आहे. लगेच उकरून काढा. टोळीतल्या एकाला सकाळभर फक्त हेच काम दिलं तरी चालेल. खड्डा पायानं बुजवून वर पालापाचोळा ओढायचा.

गाठ सापडत नाही अशा जागा दोन. एक, कातळाच्या भेगेत रुजलेली घाणेरी. पहारीनं दगड हलला तर ठीक, नाहीतर बुडाशी कापा आणि पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी नवा फुटवा हातानं खुडत राहा. साठा संपला की ती हरते, पण एका हंगामात संपेल असं धरू नका. दुसरी, देवळाचा जुना चौथरा किंवा बिनचुन्याचा दगडी बांध. तिथे पहार लावलीत तर बांधच येईल. वीरगळ किंवा शेंदूर लावलेला दगड मध्ये असेल तर तो हलवायचा नाही, घाणेरी खुडत राहायची.

मोठ्या झाडावर चढलेली घाणेरी कमरेशी कापून वर तशीच लटकू द्या, बुंधा मात्र खालून खोदून काढा. वरून ओढलीत तर झाडाची फांदी घेऊन येते, आणि वर आग्यामाशांचं पोळं असेल तर पळायलाही जागा मिळत नाही.

ओळख पक्की करून घ्या. चौकोनी काडी आणि समोरासमोर पानं निरगुडी, भारंगी आणि सागाच्या पोरालाही असतात. मुरुडशेंगेचं पानही असंच खरखरीत असतं, पण ते काडीवर एकाआड एक येतं. घाणेरीचं पान चुरगळलं की येणारा उग्र वास आणि काडीवरचे मागे वळलेले बारीक काटे, हे दोन्ही मिळाले तरच कुदळ मारा. नव्या स्वयंसेवकांच्या हातून पहिल्या दिवशी हमखास मुरुडशेंग जाते.

जेसीबीबद्दल नेहमी विचारणा होते. आपल्या डोंगरांवर मुरमावर मातीचा थर वीतभर, कुठे त्याहून कमी. जेसीबी तो थर उलटा करतो, गाठींचे तुकडे करून सगळीकडे पसरवतो आणि पुढच्या पावसात उताराची माती ओढ्यात जाते. फांदीला लावायचं तणनाशकही पाणवठ्याच्या पाणलोटात नको.

महिना कुठला

चैत्र-वैशाखात माणसं मोकळी असतात म्हणून श्रमदान तेव्हा होतं, पण तेव्हा मुरूम लोखंडासारखा कडक असतो. मूळ वरच तुटतं आणि गाठ खाली राहते. जमीन भिजल्यावर तेच मूळ एका घावात येतं. दुसरीकडे, पावसाळा सरता सरता फळं पिकायला लागतात. हिरवी फळं काळी-जांभळी व्हायच्या आत काम उरकायला हवं. म्हणजे हाताशी जुलै ते सप्टेंबर.

जुलैत मुळशी-वेल्ह्याकडे भाताची लावणी असते, तेव्हा गावातून माणूस मिळत नाही आणि मागूही नये. लावणी आटोपल्यावर नागपंचमी ते गणपती हा काळ धरावा. दाट घाणेरीच्या एका गुंठ्याला, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांना, चार माणसांची एक सकाळ धरा. हे माप जरा सैल आहे, पण त्यामुळे अंदाज चुकत नाही. या हिशेबानं दाट भरलेला एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, एकशेसाठ माणसांची एक सकाळ. एका वर्षात एवढं झेपणार नसेल तर कमी घ्या. दहा गुंठे नीट काढून तीन वर्षं सांभाळणं हे चार एकर एकदा कोयत्यानं सपाट करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पावसात गवतात हात घालायच्या आधी काठीनं झोडपून घ्या. फुरसं आणि घोणस याच बुडाशी असतात. पायात गमबूट हवेत, आणि सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं हे काम सुरू करण्याआधी माहीत हवं.

आत राहणाऱ्यांचं काय

इथे थोडं थांबावं लागतं, कारण घाणेरी वाईट असली तरी रिकामी नसते. वर्षानुवर्षं दुसरी झुडपं मेल्यावर ससा, मुंगूस, साळिंदर, रानडुक्कर, कधी बिबट्या, सगळे तिच्याच आडोशाला आलेले असतात. आणि आपण निवडलेला श्रावण-भाद्रपद नेमका वटवट्यांच्या घरट्यांचा असतो. लांडोर जमिनीवर, दाट झुडपाच्या बुडाशी अंडी घालते, तीही पावसाळ्यातच.

त्यासाठी दोन नियम. कोयता लावण्याआधी प्रत्येक झुडूप काठीनं हलवून दोन मिनिटं बघायचं. पक्षी उडाला, घिरट्या घालायला लागला, तर त्या झुडपाला लाल चिंधी बांधून भोवतीची आठ-दहा फूट जागा सोडून द्यायची आणि ऑक्टोबरात परत यायचं. तोवर त्यावर आलेली फळांची घोसं मात्र काळी पडायच्या आत खुडून घ्यावी लागतील. दुसरा नियम, सलग मोकळं करायचं नाही. उताराला आडव्या दहा-दहा फुटांच्या पट्ट्या आखा: एक काढायची, एक ठेवायची. ठेवलेली पट्टी माती धरते आणि जनावरांना आडोसा देते. काढलेल्या पट्टीत करवंद-निरगुडी उभी राहिली की मग दुसरीची पाळी.

सुरुवात सगळ्यात दाट कोपऱ्यातून करायचा मोह होतो; फोटो चांगला येतो. उलट करा. राईचा चांगला भाग आहे तिथून, तुरळक घाणेरी काढत बाहेर या. जुन्या राईत मध्यभागी, आंबा, हिरडा, जांभळाच्या गर्द सावलीत घाणेरी जवळजवळ नसते. ती असते कडेला, वाटेलगत आणि मोठं झाड पडून उजेड आला तिथे. देवळाचा जीर्णोद्धार झाला, मांडवासाठी चार फांद्या उतरवल्या, गाडी यावी म्हणून वाट रुंद केली, की त्या उजेडात दोन पावसाळ्यांत घाणेरी भरते. ज्या समित्या घाणेरीवर खर्च करतात त्यांनी आधी राईतली फांदीतोड थांबवली तर निम्मं काम कमी होईल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काढलेली घाणेरी कुठे टाकायची

मुळं आकाशाकडे, शेंडा खाली. उघड्या कातळावर रचून ठेवा, मातीवर नको. कातळ नसेल तर दोन दगडांवर आडवं लाकूड टाकून त्यावर रचा. पंधरा दिवस पाऊस उघडला की मुळं वाळतात, पण झडीच्या पावसात महिनाभर लक्ष ठेवा. ढिगाच्या तळाशी फुटवा आला तर ढीग उलटा करा. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी ढीग लावू नका. वाळलेली घाणेरी तेलकट असते, फाल्गुनात तिला ठिणगी पुरते.

फळं नसलेल्या वाळक्या फांद्यांचं नव्या रोपांभोवती कुंपण उत्तम होतं, कारण शेळी तिला तोंड लावत नाही. जाड काड्यांपासून टोपल्या आणि खुर्च्या करतात. कर्नाटकात माले महादेश्वराच्या डोंगरात सोलिगा लोक हे काम करतात. गोठ्यात मात्र ती अजिबात नेऊ नका. पाला पोटात गेला तर गुरांचं यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

मोकळी जागा भरली नाही तर सगळं वाया

घाणेरीखालची जमीन उघडी पडली की पहिल्या पावसात तिथे काय उगवेल हे तुमच्या हातात राहत नाही. पश्चिमेकडे, जास्त पावसाच्या भागात, रानमोडी येते: तिकोनी पान आणि पानाला ठळक तीन शिरा. पुण्याच्या जवळच्या टेकड्यांवर पिवळा कॉसमॉस, वाटेकडेला गाजरगवत. तिन्ही हातानं सहज उपटतात, फक्त फुलाच्या आधी.

खरा उपाय गवत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या चांगल्या माळावरून पवन्या, मारवेल, डोंगरी यांची पिकलेली कणसं काडीसकट कापून आणा आणि मोकळ्या पट्टीवर हातभर अंतरावर पातळ पसरा. बी तिथेच झडतं आणि जूनमध्ये उगवतं. ताजं बी लगेच उगवत नाही म्हणून काहीजण निराश होतात. बऱ्याच रानगवतांचं बी काही महिने झोपतंच. वेगळं बी साठवलं असेल तर जूनच्या पहिल्या पावसानंतर शेण आणि माती यांत कालवून टाका, म्हणजे कुसळं एकमेकांत अडकत नाहीत आणि मुंग्याही नेत नाहीत. माळ ज्यांचा आहे त्यांना विचारून कापा, आणि एका जागेवरून सगळं नेऊ नका.

झुडपांत सगळ्यात भरवशाची निरगुडी. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीत-दीड वीत लांबीच्या, करंगळीएवढ्या जाड काड्या दोन तृतीयांश जमिनीत खोचा. गुरं तिला सहसा खात नाहीत. करवंदाचं बी साठवून ठेवलं तर मरतं. मे अखेरीस पिकलेली करवंदं खाऊन झाली की बिया धुऊन आठवड्याच्या आत पेरा. तोरण, आळू, भोकर, उंबर हेही हवेत. बुलबुलाला घाणेरीच्या फळांऐवजी दुसरं काही द्यायला नको?

आणि पहिली दोन वर्षं चराईबंदी. गुरं गवत खातात, घाणेरी सोडतात. मोकळ्या पट्टीत चराई सुरू राहिली तर घाणेरीचंच फावतं. गुराखी गावातलेच असतात, म्हणून बंदी पट्ट्यापुरती ठेवा आणि गवत कापून नेण्याची मुभा द्या. बंदी फलकावर लिहून टिकत नाही, ग्रामसभेत ठरली तर टिकते.

हे सगळं पश्चिमेच्या तालुक्यांचं. बारामती, दौंड, इंदापूरकडे गाठ घाणेरीपेक्षा वेड्या बाभळीशी पडते, आणि तिथला मूळ अधिवास बहुतेक ठिकाणी गवताळ माळ आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे ते त्या माळामुळेच. तिकडे मोकळ्या जागेत झाडं लावायची घाई करू नका.

वणवा

माळ पेटवला की घाणेरी मरते हा समज जुना आहे. वरचं जळतं, गाठ मातीखाली सुरक्षित राहते, आणि गवत-रोपं जळाल्यानं तिला मोकळं रान मिळतं. वणवा राईत शिरू नये म्हणून डिसेंबर-जानेवारीत वाटेच्या बाजूनं दहा-बारा फूट रुंद जाळपट्टा काढा. त्यातलं गवत कापून बाहेर न्यायचं, तिथेच जाळायचं नाही.

कागद

कुदळ मारण्याआधी सातबारा काढा. बऱ्याच देवराया गावाच्या समजल्या जातात, पण उताऱ्यावर वन विभाग किंवा देवस्थान असतं. वन विभागाची जमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज आणि नकाशा, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात राखण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्कच आहे, तिथे ठराव ग्रामसभेचा लागतो. घाणेरी हे झाड नाही म्हणून परवानगी नको, हा युक्तिवाद वनजमिनीवर चालत नाही.

फेऱ्या

पहिली काढणी झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पहिली फेरी: सुटलेल्या गाठींचे फुटवे. दसऱ्याच्या सुमारास दुसरी: चिंधी बांधलेली झुडपं आणि फळं. पुढच्या जुलैत तिसरी, ती फक्त रोपांसाठी. बोटभर उंचीची रोपं ओल्या जमिनीतून दोन बोटांनी येतात. एक वर्ष सोडलीत तर कुदळ लागते. मातीतलं बी एका वर्षात संपत नाही, म्हणून जुलैची फेरी निदान तीन वर्षं, आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली दरवर्षी.

प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक दगड रंगवून क्रमांक टाका आणि त्याच दगडावर उभं राहून दर ऑगस्टला एक फोटो घ्या. वहीत तीन आकडे पुरतात: किती गाठी फुटल्या, किती रोपं उपटली, किती माणसं होती. दुसऱ्या वर्षी फुटलेल्या गाठींचा आकडा कमी झाला नसेल तर त्या पट्टीत काम केलेल्या टोळीला पुन्हा एकदा उलट्या धरलेल्या झुडपाचं टोक दाखवा.